रेफरीसाठी वाजवलेल्या टाळ्या

आमची टीम म्हणजे लालबाग-परळच्या चाळींतल्या आणि चाळी पाडून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांतल्या मुली. कुणी कॉलेजात, कुणी कॉल सेंटरला, एकीला लहान मूल. मी सगळ्यांत थोरली, तिशी ओलांडलेली, दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणारी. डिफेन्सला खेळायचे आणि वयामुळे कॅप्टन झाले होते. मुली मला ताई म्हणायच्या. प्रॅक्टिसला मैदान मिळायचं ते मुलांचं क्रिकेट आटोपल्यावर, तेही कोपऱ्यातलं, जिथे खडी जास्त. म्हणून परळच्या मैदानावर महिलांच्या स्पर्धेची फायनल आम्ही खेळणार, हे कळल्यावर गल्लीतली माणसं अचानक आम्हाला ओळखायला लागली. मंडळाची पोरं ढोल घेऊन आली. माझी आईसुद्धा आली. मी इतकी वर्षं खेळते, पण तिने तोवर एकही मॅच पाहिली नव्हती. ती एका हॉस्पिटलात आया होती, रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. लग्नाला नेसते ती साडी नेसून ती प्लास्टिकच्या खुर्चीवर अगदी पुढच्या रांगेत बसली होती.

समोर माहीमची टीम होती. त्यांनी पहिल्या हाफमध्ये एक गोल केला. तो स्वच्छ गोल होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नंतर आम्ही धडका मारत राहिलो आणि त्या अडवत राहिल्या. शेवटची काही मिनिटं उरली असताना आम्हाला कॉर्नर मिळाला, त्यांनी बॉल बॉक्सबाहेर मारला, तो माझ्या पायाशी आला. मी तो उंच मारून परत आत टाकला. आमची स्ट्रायकर धावत सुटली. एकवीस वर्षांची पोर, सकाळी कॉलेज, दुपारी वडलांच्या मसाल्याच्या दुकानात. तिने बॉल छातीवर घेतला, एक टप्पा पडू दिला आणि मारला. जाळं हललेलं मी पाहिलं. ढोल सुरू झाले. आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो होतो, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "फ्लॅग! फ्लॅग!"

लाइन्समनने निशाण वर केलं होतं. ऑफसाइड. म्हणजे बॉल दिला त्या क्षणी आमची स्ट्रायकर आणि गोल यांच्यामध्ये गोलकीपर सोडून त्यांची दुसरी कुणीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. रेफरींनी शिट्टी वाजवून गोल रद्द केला. आमच्या मुलींनी त्यांना घेरलं. ते वयस्कर गृहस्थ होते, केस पूर्ण पिकलेले, तरी मुलींच्या बरोबरीने धावायचे. त्यांनी हाताने मागे सरा, मागे सरा केलं आणि खेळ पुढे चालू केला. थोड्या वेळाने मॅच संपली. आम्ही हरलो.

त्यानंतरचं सगळं मला नीट आठवतं. रागात काही सुचत नाही म्हणतात, पण मला सगळं सुचत होतं.

रेफरी माझ्याजवळ आले. कॅप्टन म्हणून मुद्दाम आले असावेत. "बाळा, निशाण वर होतं," ते म्हणाले. "मी त्या जागेवरून..." ते पुढे काय म्हणणार होते ते मी ऐकलंच नाही. मी त्यांच्या तोंडासमोर हात नेऊन टाळ्या वाजवायला लागले. सावकाश, एकेक. त्यांच्या डोळ्यांत बघत. मग माझ्या शेजारच्या मुलीने वाजवल्या, मग सगळ्यांनी, मग बाहेरून मंडळाच्या पोरांनी तोच ठेका ढोलावर धरला. अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं. ते दोन पावलं मागे गेले, शिट्टी खिशात टाकली, परत बाहेर काढली, आणि मग नुसते उभे राहिले. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती त्यांना लागली नाही.

मॅच संपल्यावर दोन्ही टीम ओळीत येऊन एकमेकींना हात देतात. माहीमच्या मुली ओळीत उभ्या राहिल्या. पुढे त्यांची कॅप्टन होती, एका पायावर लंगडत, हात पुढे केलेला. मी हात पाठीमागे बांधले आणि तिच्या समोरून गेले. माझ्या मागून सगळ्या तशाच गेल्या. उपविजेत्यांची पदकं आम्ही गळ्यात घालून घेतली नाहीत. टेबलावरच ठेवली आणि निघालो.

आमचे कोच सर एवढंच म्हणाले, "घरी जा आता." रात्री त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. बाकी सगळ्यांनी लिहिलं. कुणीतरी टाळ्यांचा व्हिडिओ काढला होता आणि त्यावर 'लालबागच्या वाघिणी' असं लिहून सोडला होता. सकाळी मी लॅबला निघाले तर दूधवाला म्हणाला, "ताई, भारी! मस्त उतरवली त्या म्हाताऱ्याची!" मी हसले. त्या दिवशी तरी मला बरंच वाटत होतं.

आईला तर आनंद मावत नव्हता. तिला व्हिडिओ लावता यायला लागला होता. कुणीही दारात आलं की तिच्या मालवणीत, "ह्यां बघ गो, माझां चेडू," माझी मुलगी, म्हणून फोन पुढे. मला आधी वाटलं, तिला फुटबॉल कळत नाही म्हणून. पण तिला ऑफसाइडशी काही देणंघेणंच नव्हतं. एकदा ती भाजी निवडताना म्हणाली, "माका जन्मभर कोणी ना कोणी बोलत आला. नर्स बोलली, डॉक्टर बोललो, पेशंटचे लोक बोलले. मी खाली मान घालून फडका मारीत रवलंय. तुझी मान वर होती."

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, माहीमची कॅप्टन आमच्या घरी आली.

मी कपडे वाळत घालत होते. आईने दार उघडलं. "टीममधली काय?" असं विचारलं, आणि तिने "हो, फुटबॉलच खेळते," असं म्हटल्यावर आईने तिला आत घेतलं, पंखा वाढवला, चहा टाकला. मी आत आले तेव्हा ती खाटेच्या कडेला बसली होती. पायाला क्रेप बँडेज, मांडीवर कापडी पिशवी. आणि आई तिच्या शेजारी बसून तिला व्हिडिओ दाखवत होती.

"आई, बस कर," मी म्हटलं.

"अगो, बघूंदे तिका."

ती बघत होती. टाळ्यांचा आवाज खोलीभर झाला. व्हिडिओत मी मधोमध होते, रेफरींची पाठ होती, आणि कोपऱ्यात, बारीक दिसत होती तीच. माहीमच्या मुली ओळ लावत होत्या, आणि सगळ्यांत पुढे ती, हात थोडा उचलून, आमची वाट बघत. मी तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला होता. तो कोपरा मला तोवर दिसला नव्हता.

व्हिडिओ संपला. आईने तिच्याकडे बघितलं, कौतुक ऐकायला. ती म्हणाली, "आवाज छान आलाय, काकी." मग चहा पिऊन तिने कपबशी उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवली.

आम्ही गॅलरीत आलो. तिने पिशवी माझ्या हातात दिली. आत आमची पदकं होती. "आयोजक म्हणाले, पडून आहेत, कोणी नेत नाही. मी म्हटलं, मी देते."

मला थँक्यू म्हणवेना. मी म्हटलं, "पाय कसा आहे?"

"त्याचंच सांगायला आलेय," ती म्हणाली. "तो कॉर्नर झाला ना, त्यात मुरगळला. बाकीच्या पोरी वर धावल्या, मला धावता येईना. मी मागेच राहिले. पलीकडच्या पोस्टजवळ."

मला कळायला जरा वेळ लागला. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली रस्त्याकडे बघत होती.

"म्हणजे तुमची स्ट्रायकर ऑफसाइड नव्हती. मी होते तिच्या पुढे. लाइन्समन या बाजूला, मी त्या बाजूला, मध्ये एवढी गर्दी. त्याला मी दिसलेच नाही. आणि रेफरी तर लांब होते, त्यांनी निशाण बघून शिट्टी मारली. गोल होता तुमचा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"घाबरले. आमच्याही पोरी पहिल्यांदा फायनलला आल्या होत्या." मग ती म्हणाली, "ओळीत उभी राहिले तेव्हा वाटत होतं, तुझा हात धरला की सांगून टाकावं. सांगितलं असतं की नाही, काय माहीत. खोटं कशाला बोलू. पण तू हातच नाही दिलास."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"आम्ही कप घरी नेला," ती म्हणाली, "पण कुणी नाचलं-बिचलं नाही. त्या टाळ्या डोक्यात बसल्या होत्या. आणि रेफरी सर आमच्या बाजूला येऊन एकटेच बसले होते, बूट काढून. आमची एक पोरगी त्यांना पाणी द्यायला गेली तर म्हणाले, नको, लोक म्हणतील तुमच्याकडून पाणी घेतलं."

मी तिच्याकडे त्यांचा नंबर मागितला. तिने तो आयोजकांकडून मिळवून दिला.

फोन करायला मला दोन-तीन दिवस लागले. लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून मी फोन लावला आणि मी कोण ते सांगितलं. मग ते म्हणाले, "हां, बोल बाळा." तोच शब्द. मी माफी मागितली. काय काय बोलले ते आता सांगता येणार नाही, बरंच अडखळले.

त्यांनी ऐकून घेतलं. "निर्णय चुकला असेल," ते म्हणाले. "मला माहीमच्या मुलीने सांगितलं. वाईट वाटलं. तुमच्या त्या पोरीने गोल सुरेख मारला होता."

"सर, पुढच्या वर्षी तुम्ही असाल ना?"

"नाही, मी कळवलंय त्यांना. आता नको." मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी सहज सांगितलं, मला टोचावं म्हणून नाही. "आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. नात माझी सात वर्षांची. विचारत होती, आजोबा, सगळे तुमच्यासाठी टाळ्या का वाजवतायत? मी म्हटलं, मॅच छान झाली म्हणून."

मी जिन्यातच बसले. वर पेशंट खोळंबले होते, रिसेप्शनवरची मुलगी हाका मारत होती.

संध्याकाळी मी आईला हे सांगितलं. नातीचं सांगितलं. ती म्हणाली, "माका आधी सांगूचां नाय?" तिचा आवाज चिडलेला होता, पण रडवेलाही. "मी सगळ्या चाळीक दाखवलंय. त्या पोरीकपण दाखवलंय. ती होती ना त्यात?" मी मान हलवली. आई उठली आणि मोरीत जाऊन उगाच भांडी घासायला लागली, घासलेलीच. तिने फोन माझ्याकडे टाकला, "काढून टाक," म्हणाली. मी काढला. तिच्या फोनमधून गेला तो. बाकी लालबागभर होताच.

पुढच्या प्रॅक्टिसला मी मुलींना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आपण माहीमला जाऊन त्या टीमची माफी मागू, आणि सरांच्या घरीही जाऊ. काही मुलींनी लगेच माना डोलावल्या. स्ट्रायकर मात्र खाली बसून लेस बांधत राहिली.

"ताई, गोल होता?" तिने विचारलं.

"होता."

"त्यांच्या कॅप्टनला माहीत होतं?"

"होतं."

"मग माझा गोल गेला, कप गेला, आणि माफीपण आपणच मागायची?"

मी म्हटलं, "गोलाची नाही, टाळ्यांची मागायची."

"टाळ्या तू सुरू केल्यास," ती म्हणाली. "आम्ही तुझ्याकडे बघून वाजवल्या. तू कॅप्टन होतीस. तू ओरडली असतीस तर आम्ही ओरडलो असतो, तू हात दिला असतास तर आम्ही दिला असता. मला कोणी काही विचारलंच नाही."

ती भांडत नव्हती. शांतपणे बोलत होती.

माहीमला आम्ही अर्ध्याच जणी गेलो. त्यांनी आम्हाला सरबत दिलं. दोन्हीकडच्या मुली आधी नुसत्या उभ्या राहिल्या, मग कुणीतरी बॉल काढला आणि खेळल्या. सरांनी घरी यायला नको सांगितलं. "मनावर घेऊ नका, खेळत राहा," असा मेसेज केला आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

स्ट्रायकर त्या सीझननंतर दादरच्या एका टीमकडे गेली. आता तिकडे चांगली खेळते असं ऐकते. तिचं दुकान माझ्या वाटेवरच आहे. मिरच्या कांडायच्या दिवसांत तिथे उभं राहिलं तरी डोळ्यांत पाणी येतं. मी थांबते, ती "काय ताई" म्हणते, गिऱ्हाईक असलं तर वजन करत राहते. मी त्या म्हाताऱ्या माणसाची माफी मागितली, माहीमच्या मुलींची मागितली. तिची मागायला मी दोनदा पायरी चढले, आणि दोन्ही वेळा पाव किलो मालवणी मसाला घेऊन परत आले.