अण्णांची तीनचाकी आणि चौथं लिंबू

बंगळूरात मोटारी बाळगणारी माणसं पुष्कळ होती. मोटारींनी बाळगलेला माणूस मात्र मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे थोरले दीर. सगळं मल्लेश्वरम त्यांना अण्णा म्हणे, म्हणून घरातही ते अण्णाच. साहेबलोक सामान आवरून विलायतेला निघाले तेव्हा कुणी त्यांच्याकडून पियानो घेतला, कुणी काचसामान, कुणी जातिवंत कुत्री. अण्णांनी काय घ्यावं? ज्या मोटारी आगबोटीवर चढवायची खुद्द साहेबांना लाज वाटली, त्या नेमक्या हेरून घेतल्या. रस्त्यावरच्या चारचौघांसारख्या गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. "पोळपाटं आहेत ती," म्हणायचे, "ज्याच्या त्याच्या घरी एकच आकार." गाडी कशी हवी, तर तिचा देश शोधायला नकाशा उघडावा लागला पाहिजे, तिचं नाव घेताना जीभ टाळूला चिकटली पाहिजे, आणि तिचा पुर्जा मोडलाच तर तो बनवणारा कारखाना लढाईत जमीनदोस्त झालेला असला पाहिजे. एवढं जुळलं की अण्णांना ती सर्वगुणसंपन्न वाटायची.

एकीचं इंजिन पाठीमागे होतं. हे आमच्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, कुणी सांगितलं नाही. त्यांनी माहेरी न्यायचा चकल्यांचा डबा मोठ्या विश्वासाने मागे ठेवला, आणि तुमकूर येईपर्यंत चकल्या दुसऱ्यांदा तळून निघाल्या. पुढे कुठल्याशा कॉफीमळेवाल्याकडून एक अंड्याच्या आकाराची आणली. तिला दार पुढून; कपाट उघडावं तसं नाक उघडायचं आणि आत शिरायचं. पहिल्याच दिवशी अण्णांनी ती शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांच्या भिंतीला नाक टेकवून उभी केली. मागे जायचा गिअर पडेना, आणि दार उघडायला भिंत जागा देईना. हेडमास्तर फुलझाडांना पाणी घालायला आले, काचेतून डोकावले. "काय अण्णा, आत का बसलात?" तर हे आतून म्हणतात, "जरा विचार करतोय." हेडमास्तर सभ्य गृहस्थ. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाले, आणि झारी घेऊन परत गेले. अण्णांचा विचार दुपारच्या जेवणापर्यंत चालला होता.

कान तर असा, की अनोळखी इंजिनाचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडून ऐकू येई; अक्का शेजारी उभ्या राहून हाका मारायच्या ती गोष्ट वेगळी. एकदा घरात सत्यनारायण. अण्णा सोवळं नेसून पाटावर, हातात पळीभर पाणी, गुरुजी संकल्प सांगतायत, आणि बाहेरून फट्‌फट्‌ असं काहीतरी गेलं. अण्णांनी पाणी सोडलं, पण ताम्हनात नाही, गुरुजींच्या मांडीवर. आणि तसेच सोवळ्यात रस्त्याने धावत सुटले. परत आले ते त्या गाडीच्या मालकालाच प्रसादाला घेऊन. अक्का म्हणाल्या, "बरं झालं. देवाला नाही, पाहुण्याला तरी यजमान भेटले."

माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाची गोष्ट. घरच्या देवाला जायचं म्हणून सगळे गाडीत बसलो, आणि अण्णांनी मला पुढे बसवलं. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत, नव्या सुनेचा केवढा मान! तेवढ्यात त्यांनी एक चांगला उखळाएवढा धोंडा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "हिला ब्रेक आहे," ते म्हणाले, "पण स्वल्प. मी 'हां' म्हटलं की उतरून मागच्या चाकाला लावायचा." लोकांच्या सुनांची ओटी नारळाने भरतात. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला खातं वाटलेलं असे: आमच्या ह्यांच्याकडे पाण्याची झारी, पुतणीकडे हॉर्न, म्हणजे तोंडाने ओरडणं, आणि माझ्याकडे धोंडा. तो माझ्याकडे आला तो कायमचाच.

एकेक करून त्या सगळ्या गेल्या आणि शेवटी उरली ती जर्मनीची. कुणा मिशनऱ्याने पुस्तकं वाहायला आणलेली व्हॅन. मागे दोन चाकं, पुढे एकच, आणि तोंड असं की नुकतंच कुणी रागावलंय. दंडूतल्या, म्हणजे कँटोन्मेंटातल्या, मेस्त्रीने तिच्या पोटात डोकं घातलं आणि बाहेर काढून हात जोडले. "अण्णा, मेरे पास नक्को. इसे दर्गे कू लेको जाव." अण्णांनी नेली नाही, घरीच उपाय केले. अक्कांच्या शिवणयंत्राचा पट्टा तिच्यात गेला. इडलीपात्राचं झाकण तिच्या चाकावर बसलं. "इडल्या वाफत नाहीत," अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "पण चाक किती शोभतं, नाही?" गाडी हलायची नाहीच. दोन वर्षं ती अंगणात बसून होती, तिच्यावर पापड वाळत होते, आणि रोज सकाळी अण्णा तिच्याखाली झोपून तेलाचा अभिषेक करून घेत होते.

मग पुतणीचं लग्न ठरलं. दिवाळीनंतरचा मुहूर्त, मांडव अंगणात. अक्कांनी पदर खोचला.

"खंडेनवमीला ही आपल्या पायांनी पूजेची लिंबं चिरडून फाटकाबाहेर गेली, तर राहू दे. नाही गेली तर दसऱ्याला भंगारवाला येईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

"अगं, अशी गाडी साऱ्या हिंदुस्थानात दुसरी नाही!"

"म्हणूनच. दुसरी असती तर आपण ती बघून शहाणे झालो असतो."

त्या दिवसापासून अण्णांनी विनोद केला नाही, जेवताना मीठ मागितलं नाही, कुणाच्या मोटारीला पोळपाट म्हटलं नाही. रोज जास्तच वेळ गाडीखाली. नुसते पाय दिसायचे. म्हातारपण माणसाच्या पायांतून आधी दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

खंडेनवमीला इथे वाहनाची पूजा म्हणजे घरातलं कार्यच. कोहळा फोडायचा, चाकाखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांवरून न्यायची. झेंडू, ऊस, केळीचे खुंट बांधून त्या रागीट तोंडाची नवरी केली. गुरुजींनी चार लिंबं काढली, तीन ठेवली आणि चौथं हातात घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

"चौथं चाक कुठाय?"

"नाहीच आहे," अण्णा म्हणाले.

"शास्त्रात चार आहेत."

"शास्त्र लिहिलं तेव्हा ही गाडी नव्हती, गुरुजी."

अक्कांनी हात पुढे केला. "आणा इकडे. सरबत करते. आज कुणाकुणाची डोकी तापणार आहेत."

अण्णा आत बसले, हात जोडले, किल्ली फिरवली. गाडीने नुसता घसा खाकरला. पुन्हा फिरवली. तेवढंही नाही. हेडमास्तर आपल्या कुंड्या आत घेत होते ते थांबले. काचेतून अण्णा अक्कांकडे बघत होते. मला त्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी माझ्या खात्याकडे, म्हणजे मागच्या चाकाच्या धोंड्याकडे पाहिलं.

तेव्हाच अक्का हळदकुंकवाची कुयरी घेऊन मागे आल्या. चाकाला कुंकू लावायला वाकल्या, आणि वाकता वाकता पायाने तो धोंडा बाजूला सारला. अगदी सहज. मग माझ्याकडे असं बघितलं की मी आजवर कुणाला बोलले नाही.

आमच्या अंगणापासूनच थोडा, आणि फाटकाबाहेर चांगला उतार आहे. गाडी हलली. तिन्ही लिंबं फुटली. फाटक ओलांडलं, उताराला लागली, आणि काय झालं असेल ते असो, मध्येच इंजिन धडधडलं! धुराचा लोट, झेंडूच्या माळा उडतायत, आणि आतून अण्णा दोन्ही हात वर करून ओरडतायत, म्हणजे गाडी कोण चालवत होतं ते देव जाणे. "आपल्या पायांनी गेली! अगं, बघ, आपल्या पायांनी!"

"बघितलं हो," अक्का म्हणाल्या. "ब्रेक स्वल्प आहे हे विसरू नका म्हणावं."

उताराच्या तळाशी जाऊन ती जी थांबली ती लग्न होईपर्यंत तिथेच. अंगण मोकळं, मांडव झाला. वरातीत जावयाच्या मित्रांनी ढकलत ढकलत ती वर आणली, आणि नवरानवरी तिच्यात बसली. अण्णा पुढे चालत होते, छाती काढून, जणू पालखीच निघालीय.

अण्णा गेले त्यालाही खूप वर्षं झाली. गाडी एक हौशी माणूस घेऊन गेला, जपतो म्हणतात. अंगणात तिच्या तेलाचा काळा डाग तेवढा राहिलाय. किती घासला, जात नाही. नवमीला पुतण्याच्या गाडीची पूजा होते, गुरुजी चार लिंबं ठेवतात, गाडी बिनबोभाट निघून जाते. मग अक्का काठी टेकत येतात आणि डागावर तीन लिंबं मांडतात. गुरुजी नवे, एकदा म्हणाले, "आजी, एक राहिलं." अक्का म्हणाल्या, "नाही राहिलं. तीनच."

ती लिंबं चिरडायला कुणी येत नाही. संध्याकाळी मी ती उचलते, सरबत करते, आणि आम्ही दोघी जावा पायरीवर बसून पितो. फाटकाशी फट्‌फट्‌ असं काही वाजलं, की पेला हातात धरून अक्का आधी तिकडे बघतात.