नाताळची मगर

आमच्या गल्लीत नाताळ म्हणजे मगर. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्या तोंडाकडं बघत राहतो. बघू दे.

गल्लीत ख्रिश्चनांचं घर एकच. बाई दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे. दिवाळीला माझं फराळाचं ताट तिच्याकडं जायचं आणि नाताळला तेच ताट करंज्या आणि केक भरून परत यायचं. तिच्या करंज्या माझ्यापेक्षा बऱ्या असायच्या. ती जिवंत असेपर्यंत हे मी कबूल केलं नाही.

नव्वदनंतर घराघरात केबल आली. केबलवाला गल्लीतलाच. दुपारी स्वतःच्या मशीनवर कॅसेट लावायचा आणि सगळ्यांच्या टीव्हीवर पिक्चर दिसायचा. कुठल्या सणाला काय लावायचं हे त्याला पाठ होतं, फक्त नाताळला अडला. त्याच्याकडं इंग्रजी पिक्चर एकच, तोही हिंदीत बोलणारा. नदीकाठचं गाव आणि नदीत बैलगाडीएवढी मगर. ती पिक्चरभर माणसं खाते. शेवटी चर्चमध्ये एक लग्न लागत असतं. पाद्री विचारतो, या लग्नाला कुणाची हरकत आहे काय, आणि बाजूच्या दारातून मगर आत येते. नवरा नवरीला तिथंच सोडून पळतो. मगर नेमकी त्यालाच धरते.

मी केबलवाल्याला विचारलं, "ह्यो नाताळचा पिक्चर व्हय रं?"

"मामी, चर्च हाय, घंटा हाय, पाद्री हाय. आनि काय पायजे नाताळाला?"

मग दरवर्षी तोच. माझा टीव्ही मोठा, म्हणून निम्मी गल्ली माझ्या सोप्यात जमायची. पहिल्या वर्षी सिस्टर कपाळाला हात लावून बसली. तिसऱ्या वर्षी मगर यायला उशीर का लागतोय म्हणून तीच तक्रार करत होती.

तिच्या मुलीचं लग्न मात्र जमत नव्हतं. दोन स्थळं येऊन गेली. एकाला ती काळी वाटली, दुसऱ्याला ती मोठ्यानं हसते म्हणून नको झाली. सिस्टरची नोकरी संपत आली होती आणि त्याआधी तिला हे उरकायचं होतं. तिसरं स्थळ वारणानगरचं, मुलगा साखर कारखान्यात. त्याला सुट्टी नाताळचीच. सिस्टरच्या दोन खोल्यांत पाहुणे मावणार नव्हते, म्हणून बघायचा कार्यक्रम माझ्या सोप्यात ठरला.

"वैनी, हात जोडते, आज टीव्ही बंद ठेवा," सिस्टर सकाळीच सांगून गेली. "आई लई धार्मिक हाय त्याची."

मी गल्लीला ताकीद दिली. दुपारी पाहुणे आले. मुलगा हडकुळा, आई भरदार, मांडीवर बायबल. मुलीनं चहा दिला, दोन प्रश्न झाले आणि प्रश्न संपले. मग सिस्टरच्या नवऱ्याला काहीतरी बोलायची हुक्की आली.

"आमची सगळी गल्ली नाताळाला मिळून पिक्चर बघती."

"व्हय? हिंदू लोकबी?" आईचा चेहरा फुलला. "मग लावा की. आमीबी बघतो."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा सांगायला हवं होतं की लाइट गेलीय. पण मलाही बघायचा होता. लावला.

पिक्चर निम्म्याच्या पुढं गेलेला. सुरू केल्याबरोबर एक कोळी गेला. टीव्हीचा आवाज ऐकून गल्ली एकेक करून दारातून आत आली आणि पाहुण्यांच्या मागं बसली. आईनं बायबल छातीशी धरलं, पण डोळे काही मिटले नाहीत. मग चर्च आलं, हरकत आली, मगर आली, नवरा पळाला. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. मुलगी ठेवणीतलं हसली, म्हणजे दोन घरं पलीकडं ऐकू जाईल असं. सिस्टरनं डोळे मिटले. तिसरंही गेलं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

माझ्या जिभेला हाड नाही. मी मुलाला विचारलं, "काय पावणं, तुमी काय केलं असतं?"

तो जरा विचार करून म्हणाला, "पळालो असतो, मावशी."

"अरं!" त्याची आई ओरडली.

"मगर हाय, आई. ह्या अंगानं तिच्याशी काय कुस्ती खेळू?"

"आनि मला सोडून?" हे मुलगीच बोलली. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं असं विचारायची रीत नव्हती.

मुलानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "तुमाला पळता येतं का?"

"मी शाळंत खो-खो खेळलीया. तुमीच मागं ऱ्हाल."

आता तो हसला, आणि तोही मोठ्यानं. त्याची आई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, "पुढं काय हुतंय ते तरी बघू द्या."

होकार आठ दिवसांनी आला. सिस्टर माझ्या दारात बसून रडली. मी म्हटलं, रडतीस काय, करंज्या कर.

लग्न उन्हाळ्यात झालं. गल्ली झाडून चर्चमध्ये. पाद्रीसाहेब बाहेरगावचे, नवीन. त्यांनी विचारलं, या विवाहाला कुणाची हरकत आहे काय. आणि आमची सगळी गल्ली, सिस्टरसकट, बाजूच्या दाराकडं बघायला लागली. नवरासुद्धा.

पाद्रीसाहेब घाबरले. कुणीतरी पहिली बायको घेऊन येतंय असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी एका माणसाला दार उघडून बघायला लावलं.

"कोण न्हाय," तो माणूस म्हणाला.

नवरा जागेवरच उभा होता. नवरीनं त्याचा कोट मुठीत धरून ठेवला होता.

"मग उरका की," मी म्हटलं.