वाळ्याच्या ताट्या आणि दादाचा ट्रक

आमच्या घराण्यात वाळ्याचा सुगंध सुटलेलं डिझेल इंजिन आजवर एकच झालं, आणि त्याचं सगळं श्रेय माझं आहे.

अकोल्याच्या माणसाला मे महिन्यात काहीही गार करायला सांगा, त्याला कूलरच सुचतो. त्यातून सगळ्या नातेवाइकांचे कूलर दरवर्षी मी बसवून देतो. (त्यातले बरेचसे चालतातही!) त्यामुळे दादाचा जुना ट्रक घाटात तापतो हे कळल्यावर माझे हात शिवशिवायला लागले.

प्रसंगही नाजूक होता. दादाच्या पोरीचं, पल्लवीचं लग्न धारणीला, नवरदेवाच्या दारी. "पाण्याची फिकर करू नोका, गार पाण्याचे जार आमी आणतो," असा शब्द दादा व्याह्यांना देऊन बसला होता. आमच्याकडे लग्नात भाजी कमी पडली तर लोक विसरतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर नातवंडांनाही सांगतात!

वऱ्हाडाची बस पुढे गेली. मागे जारांनी भरलेला ट्रक, दादा, ड्रायव्हर शकीलभाई आणि मी.

"रेडिएटर साफ करून घ्यायले पायजे होतं," दादा कुरकुरला.

"आता टाइम कुठं हाय? मी हावो ना!"

इंजिनाचं पाणी जिथं गार होतं त्या रेडिएटरच्या जाळीवर मी कूलरच्या दोन वाळ्याच्या ताट्या तारेनं आवळून बांधल्या. केबिनच्या टपावर एक जार ठेवला आणि त्याची नळी ताट्यांवर सोडली.

"वा भाऊ! गाडीले बी कूलर!" शकीलभाई खूश झाला.

अकोटपर्यंत तापमानाचा काटा हलला नाही. केबिनमध्ये घमघमाट! ट्रक बनवणाऱ्यांना इतकी साधी गोष्ट कशी सुचली नाही, असं मी मोठ्यानं म्हटलं. दादा माझ्याकडे कौतुकानं बघून हसला. (ते शेवटचं.)

घाट लागला आणि काटा चढला.

"भाऊ, गरम होऊन राहिली ना!"

"ताटी सुकली असंन. पाणी सोडा!"

जार संपला. दुसरा टपावर चढवला. काटा आणखी वर! खरं तर भिजलेल्या जाड ताट्यांनी रेडिएटरची हवाच कोंडली होती. नाकावर उशी दाबून माणसाला गार करावं, तसा तो प्रकार. पण मी पडलो कूलरवाला!

"अजून सोडा!"

"अबे, हे पाणी पाहुण्यायचं हाय!" दादा ओरडला.

"ट्रक पोचला तरच त्यायले भेटंन ना!"

मग दादानंच पुढचा जार टपावर चढवला. जारांमागून जार रिकामे होत गेले, आणि एका वळणावर इंजिनानं भुस्सकन वाफ सोडली. नेमका तेव्हाच मी खाली उतरून, बोनेट उघडून आत वाकून बघत होतो. लग्नासाठी शिवलेला माझा पांढरा सदरा गंजलेल्या पाण्यानं विटकरी झाला. मागून आलेली जीप थांबली. आतल्या बाईनं खोल श्वास घेतला.

"काय भाऊ, अत्तर भरलं काय गाडीत?"

शकीलभाईनं तारा कापल्या आणि ताट्या मागे फेकल्या. इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघं रस्त्याकडेला बसून राहिलो. उरलेलं पाणी रेडिएटरनं पिऊन टाकलं. मग मात्र ट्रक निमूटपणे घाट चढला.

धारणीला लग्नाची बुद्धवंदना आटोपली होती आणि तहानलेले पाहुणे आमच्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते. व्याही स्वतः ट्रकवर चढले. एक जार हलवला, दुसरा हलवला.

"पाणी कुठं हाय?"

दादानं बोनेटकडे बोट दाखवलं. "यानं पेलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. व्याह्यांनी बोनेटकडे पाहिलं, मग माझ्या सदऱ्याकडे, आणि ते असे हसत सुटले की त्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागली! "अरे, घरोघरचे माठ काढा रे!" त्यांनी आळीत हाक दिली. घराघरांतून माठ आले. पाणी इतकं गार आणि गोड की आमच्या जारांची कुणाला आठवणही झाली नाही. दादाची अब्रू वाचली आणि माझा जीव भांड्यात पडला.

निरोपाच्या वेळी पल्लवी आईबापाला भेटली आणि थेट माझ्या गळ्यात पडली. एवढं सगळं होऊनही पोरीची माया बघून मला भरून आलं. तेवढ्यात ती कानात कुजबुजली, "काका, बाबाले सुखरूप घरी पोचू द्या. तुमी बसनं जा!"

मी ढसाढसा रडलो. लोक म्हणाले, काकाचा किती जीव आहे पोरीवर!