दीनाचे दोन डबे

आमच्या मिरजगावच्या शाळेत दीनासारखी खो-खो खेळणारी पोरगी पुन्हा झाली नाही. पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आला की ही सुटलीच! मैदानाच्या कडेला पोरं शिट्ट्या मारायची. काय दिवस होते ते! सामना संपला की आम्ही सगळ्या भेळ खायचो, आणि मागेल तिला आपली पुडी देऊन टाकणारी बया हीच. ‘न्हाई’ म्हणायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

लग्नानंतरही तेच. सासूचं आजारपण असो की चर्चमधल्या सणाचा स्वयंपाक, कुणीही सांगावं आणि दीनानं पदर खोचावा. पळणं कधीच सुटलं, अंग सुटलं, बीपीची गोळी लागली. मला तिचा रागच यायचा.

यंदा जुन्या मुलींचा मेळावा ठरला आणि त्यात खो-खोचा सामना. दीनाला एकदा, फक्त एकदा, तसं पळायचं होतं. हे कळल्यावर नणंद आराधना वजन उतरवायच्या कॅप्सूलचा डबा घेऊन आली. ती घरोघरी तेच विकते. मग भाचा जस्टिन आला. त्याची जिम आहे. त्यानं ताकदीच्या पावडरीचा डबा दिला. आता एकाला नको म्हणावं तर नणंद रुसणार, दुसऱ्याला म्हणावं तर भाचा. बाईसाहेबांनी दोन्ही सुरू केलं, आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही!

झोप उडाली, हात कापायला लागले. मी विचारलं तर म्हणते, “अगं, झाडपाल्याचं हाय. त्यानं काय हुतंय?”

एका सकाळी सराव करताना तिनं खांब धरला. “राही, छातीत लई धडधडतंय गं,” एवढंच म्हणाली आणि खाली कोसळली. टेम्पोत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाटेत मी तिचा हात सोडला नाही.

घरून मागवलेले दोन्ही डबे डॉक्टरांनी शेजारी ठेवून वाचले. “कॅफिन यातही आहे आणि त्यातही. कॅप्सूलमध्ये वर ठोके वाढवणारा अर्क. आधीच बीपी, त्यात उपाशीपोटी पळणं. थोडक्यात वाचल्या.”

आराधना आणि जस्टिन धावत आले, तेव्हा मी त्यांना तिथंच झाडलं. तर खाटेवरून ही म्हणते, “त्यास्नी बोलू नको. मायेनं दिलं हुतं त्यांनी.”

“मायेनं दिलं म्हणून गिळायचं? मेली असतीस ना भवाने!” म्हणत मी ढसाढसा रडले.

मेळाव्याला ती आली. पळायला बंदी होती, पण हट्टानं आमच्या रांगेत बसली. तिला खो द्यायचा नाही, असं ठरलं होतं. सामना रंगला. मी धापा टाकत पळत होते. समोर ती ओळखीची पाठ दिसली, आणि जुन्या सवयीनं माझा हात पडला. “खो!”

तिचे हात जमिनीला टेकले, टाच उचलली गेली.

मग टाच खाली आली. दीना मांडी घालून नीट बसली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, “न्हाई! मी न्हाई उठणार.”

पंचानं फाऊलची शिट्टी मारली. आणि आमच्याच संघानं टाळ्या वाजवल्या.