सात दिवस मुरलेलं बेकन

मी इंदूर सोडलं त्या दुपारी स्टेशनवर बाबा माझ्याकडे बघत नव्हते, इंजिनाकडे बघत होते. आई खिडकीतून तिसऱ्यांदा सांगत होती की पराठे वरच्या डब्यात आहेत आणि लोणचं वेगळं बांधलंय. धाकटा भाऊ संदीप उगाचच हसत होता. दोन दिवसांनी मुंबईहून माझं अमेरिकेचं विमान होतं. कम्प्यूटरच्या कामासाठी कंपनी मला दोन वर्षं नेणार होती, आणि 'दोन वर्षं' हे शब्द घरात सगळ्यांनी घट्ट धरून ठेवले होते. गाडी हलली तसे बाबा दोन पावलं बरोबर चालले. म्हणाले, "टेन्शन नको घेऊस. इथलं आम्ही देखून घेऊ."

मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. देवास गेलं, उज्जैन गेलं. मी डबा उघडून पराठा खाल्ला.

परदेशीपुऱ्यात मिलच्या लाइनीत, कामगारांच्या त्या खोल्यांत, माझ्याबरोबर वाढलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. जे तिथेच राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे कुठेकुठे निघून गेले त्यांच्यासाठीही. मिल बंद झाली तेव्हा तुमच्या घरी काय झालं ते तुम्हाला ठाऊक. आमच्या घरी झालं ते असं.

बाबा कताई खात्यात होते. एका सकाळी पाळीला गेले आणि तासाभरात भरलेला डबा घेऊन परत आले. फाटकाला कुलूप होतं. आईने डबा उघडला, त्यातलं जेवण चार ताटांत वाढलं आणि आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं. पुढे कित्येक महिने बाबा सवेरे तयार होऊन फाटकापर्यंत जायचे, इतरांबरोबर तिथे उभे राहायचे आणि परत यायचे. "खुलेल," म्हणायचे. मग म्हणेनासे झाले. त्याच दिवसांत शहरात कम्प्यूटरचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते आणि मी कॉलेज सांभाळून तिथे जाऊ लागले होते. घरात एकाचं काम गेलं होतं, दुसरीचं येऊ घातलं होतं. जेवताना आम्ही दोन्हींबद्दल बोलत नसू.

लाइनीतली खोली सोडून आम्ही मल्हारगंजात भाड्याने राहायला गेलो. घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हमारे यहाँ सब शाकाहारी हैं जी." तेव्हापासून मटण-मच्छी जे काय ते महूला, मोठेबाबांकडे.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमचे आजोबा फौजेत होते आणि मोठेबाबा महूच्या छावणीतच साहेबलोकांच्या मेसमध्ये खानसामा होते. थंडीत, बडा दिन म्हणजे नाताळ जवळ आला की ते घरामागच्या अंगणात मेससाठी बेकन करायचे. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचा चरबीवाला पट्टा. त्याला मीठ, साखर आणि मांस टिकावं म्हणून थोडा सोरा चोळून आठवडाभर मुरवायचा, मग धुऊन, कोरडा करून धुरावर टांगायचा. धुरासाठी त्यांच्याकडे एक जुनं तेलाचं पिंप होतं. मिल बंद झाली त्या हिवाळ्यात त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. "माझे गुडघे गेले भाऊ. आगीजवळ बसायला कोणीतरी पाहिजे," म्हणाले.

गुडघ्यांचं खरं होतं की नाही, कोण जाणे. पण बाबा गेले. सियागंजाच्या बाजारातून सोरा आणायचा, आंब्याची लाकडं फोडायची, आणि दिवसभर पिंपासमोर बसून आग ना भडकू द्यायची ना विझू द्यायची, अशी कामं त्यांनी अंगावर घेतली. रविवारी मी महूला गेले तेव्हा ते पिंपाच्या पत्र्याला पालथा हात लावून बघत होते. मला म्हणाले, "ये, इथे हात धर. एवढीच गर्मी पाहिजे. जास्ती झाली तर चरबी गळून जाते." मिल बंद झाल्यापासून इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मोठेबाबांनी कडेचे तुकडे तव्यावर परतून दिले. खारट, गोड, धुराचे. आम्ही पावाबरोबर खाल्ले.

हे काम दोन हिवाळे चाललं. मग मोठेबाबा रिटायर झाले आणि मेसमध्ये बेकन पाकिटातून येऊ लागलं.

अमेरिकेत माझ्या दोन वर्षांची चोवीस झाली. मिसूरीतल्या एका छोट्या गावात आम्ही घर घेतलं. नवऱ्याने, प्रशांतने, एका उन्हाळ्यात पेलेट स्मोकर, म्हणजे धुरावर मांस भाजायचं यंत्र, आणला. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या असतात, त्यांना पेलेट म्हणतात. त्या एका बाजूच्या पेटीत ओतायच्या, किती गरम हवं तो आकडा लावायचा, बस. आतला स्क्रू फिरत राहतो, लागतील तेवढ्या कांड्या आगीत ढकलतो, आणि आकडा तासन् तास हलत नाही. प्रशांत त्यावर कोंबडी भाजायचा. मी बेकन करायला लागले. दुकानातून पोटाचा पट्टा आणायचा, मीठ, ब्राउन शुगर आणि मांस टिकवायचं गुलाबी मीठ मापून चोळायचं, पिशवीत घालून सात दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं, रोज एकदा उलटायचं. आठव्या दिवशी स्मोकरवर, सफरचंदाच्या लाकडाच्या धुरात, तीन-साडेतीन तास.

बाबा एकदाच आमच्याकडे आले, सहा आठवड्यांसाठी. मी मुद्दाम बेकन करायला घेतलं. त्यांनी सवेरे उठून मफलर बांधला, खुर्ची ओढून स्मोकरसमोर बसले. दोनदा उठून पत्र्याला हात लावून पाहिला. तासाभराने मला हाक मारली.

"ह्याला लाकूड कोण टाकतं?"

"मशीनच टाकते, बाबा."

"आणि गर्मी?"

"तीही तीच बघते."

"मग माणसाने काय करायचं?"

मी हसत म्हणाले, "काही नाही. तुम्ही आरामात बसा."

ते बसले. दुपारपर्यंत बसले. ऑफिसच्या फोनवर असताना मला खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. आपण काय बोलून गेलो ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण तेव्हा तो विषय पुन्हा काढणं मला जमलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये असाच एक पट्टा मुरत होता. आठव्या दिवशी, सवेरे सहाला, मी तो धुऊन ओट्यावर ठेवला आणि संदीपचा फोन आला. तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते. जेवून आडवे झालेले बाबा पुन्हा उठलेच नव्हते.

"ताई, तुझ्यासाठी थांबायचं का?" त्याने विचारलं. "बर्फ मागवतो. उद्या रात्रीपर्यंत पोचशील ना तू?"

पोचले असते. शिकागोहून जागा मिळाली असती. मी म्हणाले, "नको. उशीर नको करू."

"पक्का?"

"पक्का."

तो म्हणाला, "ठीक आहे. अंधार पडायच्या आत नेतो."

फोन ठेवला. प्रशांत म्हणाला, तिकीट बघू का. मी म्हणाले, पुढच्या महिन्यात जाऊ. मग मी पट्टा कापडाने पुसून कोरडा केला, पेटीत कांड्या ओतल्या, आकडा लावला. ओलं मांस फेकायचं का ठेवायचं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. ते तयार होतं, म्हणून मी ते केलं. साडेदहाला बाहेर काढलं, गार करून फ्रिजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी कापलं. चार तुकडे भाजून उभ्याउभ्या खाल्ले. मीठ जास्त झालं होतं. संदीपने अंत्यविधीच्या वेळच्या वंदनेचा व्हिडिओ पाठवला होता, तो मी आवाज बंद करून पाहिला. रडू येईल तेव्हा येईल, असं म्हणून मी कामाला बसले. ते अजून आलेलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. आहे हे असं आहे.

महिन्याने इंदूरला गेले. संदीप आता इंदूरजवळ सिमरोलला, एका कॉलेजच्या कॅम्पसमध्ये नोकरीला आहे, जवळच त्याने घर बांधलंय. आई त्याच्याकडे असते. नातीशी ती हिंदीत बोलते, माझ्याशी मराठीत, आणि मधेच विसरते. एका दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर बसून तिला सांगून टाकलं की त्या दिवशी मी बेकन केलं आणि खाल्लं.

तिने मान वर केली नाही. "चांगलं झालं होतं?"

"खारट झालं."

"भूक लागते माणसाला," ती म्हणाली. "मलाही लागली होती. कोणी विचारलं नाही."

आम्ही मेथी निवडत राहिलो. मग ती म्हणाली, "मी संदीपला म्हटलं होतं, पोरगी येईपर्यंत थांबू या. मीच बसले असते त्यांच्याजवळ. त्याने तुला विचारलं ना?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी नको म्हणाले."

तिने हातातली काडी बाजूला टाकली, दुसरी घेतली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि जे बोलेल ते मला ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घ्यायची तयारी होती माझी. पण ती मेथीच निवडत राहिली. जुडी संपली तेव्हा पदराने हात पुसत तिने विचारलं, "घरी कधी जाणार?"

चोवीस वर्षं ती 'तिकडे कधी जाणार' असं विचारत आली होती. त्या दिवशी घरी म्हणाली. रागाने म्हणाली की सहज, मला कळलं नाही. विचारलंही नाही. म्हणाले, "रविवारी."

"बरं," म्हणून ती मेथी धुवायला उठली.

मिसूरीत डिसेंबर आला की शेजारच्या बाई कुंपणापलीकडून विचारतात, यंदा सुट्टीत घरी जाणार का? त्यांच्या मते घर म्हणजे इंदूर. आईच्या मते आता मिसूरी. मी दोघींच्याही 'घरी'ला हो म्हणते, आणि दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. खरं बोलल्यासारखंही नाही.