धुरा न ओलांडणारा फुटबॉल

फुटबॉल न समजता फुटबॉल शिकवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण तो न समजता इतका जीव तोडून शिकवणारा माणूस जगात एकच झाला आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. हे मी उगीच म्हणत नाही. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. अमरावतीच्या कॉलेजात असताना लायब्ररीत बसून फुटबॉलवरचं एक पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आमच्या ड्रिलमास्तरांनी शिकवलेली एक तरी गोष्ट त्यात सापडेल, अशी मला आशा होती. सापडली नाही. चेंडू गोल असतो, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

आमचं गाव शेलूबाजारापासून दोन कोसांवर. विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि आमच्या शाळेत ड्रिल म्हणजे हात वर, हात खाली. ते हात वर-खाली करायला लावण्यासाठी हे मास्तर नेमलेले होते. घरी धोतर नेसणारा हा शेतकरी माणूस शाळेत खाकी अर्धी चड्डी घालून येई, आणि त्या चड्डीला तांदळाच्या पेजेची खळ इतकी कडक असे की मास्तर खाली बसले तरी चड्डी उभीच आहे असं वाटे. एका वर्षी कुठल्याशा साहेबानं शाळेला चामड्याचा एक फुटबॉल भेट दिला. हेडमास्तरांनी तो दोन बोटांनी उचलून ड्रिलमास्तरांच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, “आजपासून हे तुमच्याकडे.” मास्तरांनी आयुष्यात एकदाच फुटबॉलचा सामना पाहिला होता, अकोल्याला, तोही अर्धाच. गावाकडची मोटार सुटेल म्हणून ते मध्येच उठून आले होते. पण हे त्यांनी तेव्हा आम्हांला सांगितलं नाही. अर्धी पाहिलेली गोष्ट पूर्ण आत्मविश्वासानं शिकवावी, तर त्यांनीच.

पहिल्याच दिवशी ते मैदानावर डवरा घेऊन आले. पिकातलं तण काढायचं ते अवजार दोन पोरांना ओढायला लावून त्यांनी या खांबांपासून त्या खांबांपर्यंत मैदानाच्या दहा लांबट पट्ट्या पाडल्या. “पोट्टेहो,” ते म्हणाले, “हे दहा जनाइचे दहा वावरं. खांबाइच्या मधात ते खळं. तिथं अकरावा उभा राहीन, राखनीले. ज्यानं त्यानं आपल्या वावरात पळाचं. दुसऱ्याच्या धुऱ्यावर पाय ठेवला त टंगडी मोडून हातात देईन.” धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. आमच्या भागात धुऱ्यावरून जेवढी डोकी फुटली असतील, तेवढी दुसऱ्या कशावरूनही फुटली नसतील. मी विचारलं, “गुरुजी, चेंडू दुसऱ्याच्या पट्टीत गेला त?” मास्तरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मंग तो त्याचा झाला ना बे! तुह्या झाडाची बोर त्याच्या वावरात पडली त तू आनाले जातं का?”

माझी पट्टी पाचवी. सहावी किसनाची. किसना आमच्या गावच्या बागवाल्याचा पोरगा; वांगी-मिरचीच्या वाफ्यांमधून पाण्याचा पाट न मोडता पळायची त्याला लहानपणापासून सवय. त्यामुळे मास्तरांचा तो फार लाडका. डवरा जरा तिरका गेल्यानं खळं नेमकं त्याच्याच पट्टीसमोर येई, म्हणून गोल करायचा मान एकट्या त्याचा. बाकीचे आम्ही नऊजण आपापल्या वावरात इमानानं वर-खाली पळायचो आणि चेंडू आला की शेजाऱ्याला द्यायचो. कोणी चुकून हद्दीवर पाऊल टाकलं की शिट्टी वाजलीच. ती शिट्टी मास्तरांच्या गळ्यात सदाची. घरी जेवताना भाकरी संपली तरी ते ती वाजवतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

पहिला सामना वाशीमला झाला. अर्ध्या वेळेपर्यंत आमच्यावर चार गोल चढले होते, पण तिथं पट्ट्या आखलेल्या नसूनही धुरा कोणी मोडला नाही म्हणून मास्तर खूश होते. मग पंचानं दोन्ही संघांना बाजू बदलायला सांगितलं. मास्तर तीरासारखे मैदानात आले. अकोल्याहून ते नेमके इथपर्यंतच पाहून परत आले होते ना! “कायले? आमचं खळं त्याइले कायले देता?” पंच बिचारा समजावू लागला. मास्तर ऐकेनात. “बाप्पा, पटवाऱ्याशिवाय वावराची अदलाबदल होते का कुठी? कागद दाखवा!” शेवटी आम्हीच हात जोडून त्यांना बाहेर नेलं. पण दुसऱ्या डावात आमच्यातल्या निम्म्या पोरांना आपलं खळं कोणतं तेच कळेना, आणि पाचवा गोल आमच्यावर आमच्याच किसनानं केला. परतीच्या वाटेवर मास्तर त्याला एका शब्दानंही टाकून बोलले नाहीत. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पट्टीत राहून केला ना? मंग झालं.”

चेंडूवर त्यांची माया तर विचारू नका. तो राही त्यांच्या घरी, ज्वारीच्या कोठीवर, फडक्यात बांधून. दर आठ दिवसांनी ते त्याला जवसाचं तेल लावत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात आणि बैलाला म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” त्या संध्याकाळी मास्तर चेंडू घेऊन ओट्यावर बसले आणि त्यालाही तूप-हळद चोळू लागले. आम्ही हसलो तेव्हा डोळे वटारून म्हणाले, “हसू नोका बे. वर्सभर लाता खाऊन राह्यला बिचारा. एक दिवस त हात जोडा त्याले!” दुसऱ्या दिवशी तो चेंडू कोणाच्याही पायाला लागेना, सगळ्यांच्या पायांखालून सटके. हेडमास्तरांच्या स्वच्छ धोतरावर हळदीचा जो गोल उमटला, तो त्या वर्षीचा आमचा एकमेव गोल.

एकमेव म्हणजे खरोखरच एकमेव. तीन वर्षं झाली, आम्ही कोणावर एक गोल केला नव्हता. तिसऱ्या वर्षी एकच सामना उरला असताना हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावलं. मी शेजारच्या वर्गात होतो, मधली भिंत कुडाची, सगळं ऐकू आलं. “हे मैदान म्हणजे काळी कसदार जमीन. या वर्षीही एक गोल झाला नाही, तर पुढल्या हंगामात इथं कापसाची पऱ्हाटी पेरायला देऊ. आणि तुम्ही बिगरीच्या पोरांना मुळाक्षरं शिकवा.” मास्तर बाहेर आले, मैदानाच्या कडेला उभे राहिले, वाकून एक ढेकूळ उचललं आणि हातात चुरत राहिले. आम्ही जमलो तेव्हा एवढंच म्हणाले, “पोट्टेहो, जितनं-हारनं मरू द्या. मले एक पाह्यजे. फक्त एक.”

आता खरी गोष्ट सांगतो. शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी मास्तर गावात नसत. त्या दिवशी आम्ही धुरे पायांनी पुसून मन मानेल तसं खेळायचो. तुम्हांला वाटेल, तेव्हा आम्ही फार छान खेळत असू. मुळीच नाही. दहाजण एका चेंडूमागे, म्हणजे गुळाच्या ढेपेवर मुंगळे. डोक्याला डोकं आपटे, शिव्यागाळी होई, आणि चेंडू एकटाच कुठंतरी एरंडाच्या झुडपात जाऊन पडे. मास्तरांच्या हाताखाली आम्ही वाईट होतो, आणि मास्तरांशिवाय त्याहून वाईट! मग एका बाजारी किसनाच म्हणाला, “अबे, सगळ्याइनं आपापल्या वावरात रहा. फक्त तू माह्यात ये. पन आवाज देऊन ये, नाईत टकुरं फुटन.” दुसऱ्याच्या शेतातून जायचं तर आमच्याकडे धुऱ्यावर थांबून ‘येऊ का?’ म्हणून हाक मारतात. धनी ‘ये’ म्हणाला की पाय टाकायचा. तशीच मी हाक मारली, “येऊ का?” किसना ओरडला, “ये!” आणि मी त्याच्या पट्टीत शिरलो. चेंडू सरळ माझ्या पायाशी आला. तीन वर्षं आम्ही शेजाऱ्याला चेंडू देण्याशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं, तेव्हा तो दुसरीकडे जाणार कुठं? समोर खळं मोकळं होतं.

त्या दिवसापासून प्रत्येक बाजारी आम्ही हेच केलं. मास्तरांना सांगायची छाती मात्र कोणाला झाली नाही. कारण धुरा ही त्यांच्या दृष्टीनं खेळातली गोष्ट नव्हती. त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाशी हातभर धुऱ्यावरून त्यांचं वाजलं होतं. दोघांची वावरं लागून, विहीर भावाकडे. पण बारा वर्षं मास्तरांनी त्या हद्दीवर पाय ठेवला नव्हता. तहान लागली तर अर्धा कोस चालून नाल्यावर जात. अशा माणसासमोर धुरा मोडायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं आहे, असं मला वाटे. आणि न मोडावा तर मैदान जातं, मास्तर जातात.

शेवटचा सामना पुन्हा वाशीमलाच होता. दुसरा डाव निम्मा सरला, आमच्यावर तीन गोल. समोरच्यांनी केव्हाच ओळखलं होतं की गोलावर मारतो तो हा एकटा सहावा, बाकीचे नुसते पळतात. म्हणून किसनाकडे चेंडू आला की चारजण त्याला घेरत. तसंच त्यांनी आताही घेरलं. त्यांच्या पलीकडे खळ्यासमोर किसनाचं अर्धं वावर रिकामं पडलं होतं. मी कडेला पाहिलं. मास्तर शिट्टी मुठीत धरून उभे होते, ओठ हलत होते, काहीतरी देवाचं म्हणत असावेत. मी मनातल्या मनात डोळे घट्ट मिटले आणि ओरडलो, “येऊ का?” समोरची पोरं फिदीफिदी हसली. चारजणांच्या मधून किसनाचा आवाज आला, “ये!” आणि त्याच वेळी कडेवरून मास्तरांचा, “धुरा! धुरा! अबे, धुरा!” मी ओलांडला. चेंडू त्या चौघांच्या पायांमधून निघून माझ्यापुढे आला, मी अनवाणी पायाच्या अंगठ्यानं मारला, अंगठ्याचं नख तिथंच राहिलं, आणि चेंडू खांबांच्या मधून पार झाला.

पोरांनी मला उचललं, टोप्या उडवल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. सावकाश चालत खांबांच्या मागे गेले, चेंडू उचलला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पंचाकडे दिला. सामना आम्ही हरलो. बैलगाडीनं परतताना मास्तर पुढं तोंड करून बसले. मालेगाव गेलं, शेलूबाजार गेलं. गावचे कडुलिंब दिसू लागले तेव्हा मागे न वळताच म्हणाले,

“ओलांडला.”

“हाव गुरुजी.”

“कोनाले इचारून?”

“किसनाले आवाज देल्ता. तो ये म्हने.”

गाडी बरीच पुढे गेली. मग मास्तर म्हणाले, “धन्यानं ये म्हटलं त मंग मोडला नाई धुरा.” आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, “इचारलं का झालं. एवढंच असते का बाप्पा?” किसनानं माझा हात दाबला. माझा अंगठा ठणकत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. ते अंगठ्याचं, असं मी तेव्हा सांगितलं.

मैदान राहिलं. मास्तरही राहिले. मी पुढं अमरावतीला गेलो. बी. ए. पास झाल्यावर पेढे घेऊन त्यांच्या वावरात गेलो तेव्हा ते झाडाखाली बसले होते. खाकी चड्डीची जागा आता कायमची धोतरानं घेतली होती, पण शिट्टी गळ्यात होती. पेढा कपाळाला लावून त्यांनी तोंडात टाकला. “बी. ए. म्हंजे मोठा हुशार झाला तू. एक खरं सांग मले. मले फुटबॉल येत होता का रे?”

आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाही. “नाई गुरुजी,” मी म्हणालो. “काहीच येत नव्हता.”

ते इतके मोकळे हसले की झाडावरचे राघू उडाले. “मले वाटेच! अन् मंग तुमी पोट्टे सुदरले कसे?”

याचं उत्तर बी. ए.च्या अभ्यासात नव्हतं. पुस्तकातही ते नव्हतं. तीन वर्षं हा माणूस आमच्या आधी मैदानावर येई, एवढंच मला आठवलं. पण ते उत्तर आहे की नाही, कोण जाणे. मी नुसता त्यांच्या पाया पडलो. त्यांनी बाजूची कळशी माझ्याकडे सरकवली. पाणी गार होतं, नाल्याचं नव्हतं. मी पाहिलं, तर हातभर धुऱ्याच्या मधोमध गवत दबून एक पायवाट पडली होती, सरळ भावाच्या विहिरीपर्यंत. मास्तर माझ्या नजरेमागून पाहत म्हणाले, “तुह्या त्या गोलाच्या दुसऱ्याच दिवशी आवाज देला म्या. बारा वर्सं फुकट गेले ना रे.”

गावाकडे त्या वाटेनं जवळ पडतं. मी धुऱ्यापाशी आलो आणि आपोआप पाय थांबले. “येऊ का?” मी हाक मारली. पलीकडे वाकून निंदत असलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या भावानं वर पाहिलं नाही, नुसता हात हलवला. मागून झाडाखालून मास्तरांनी शिट्टी वाजवली, एकदाच, लांब. गोल झाल्यावर वाजवतात तशी.