ताईचा घरगुती कॉम्प्युटर

ताईला नकाशे काढायचे होते. तिच्याकडे डिप्लोमा होता, हात साफ होता आणि काकांनी इंग्लंडहून आम्हा मुलांना खेळायला आणलेला एक कॉम्प्युटर होता, टीव्हीला जोडायचा. त्याच्या मागच्या खाचांत ती शिकवण्या घेऊन एकेक भर घालत गेली. आधी मेमरीचं कार्ड, मग फ्लॉपी ड्राइव्ह, मग माउस. शेवटी त्याच यंत्रावर बरुआसागरकडच्या कालव्याचा नकाशा उभा राहिला, उतारासकट.

झाशीतल्या एका सरकारी कचेरीला नकाशांचं काम बाहेर द्यायचं होतं. आम्ही टीव्हीसकट सगळं टेम्पोत घालून तिथे नेलं. साहेबांनी नकाशा धड पाहिलाच नाही, टीव्ही तेवढा पाहिला.

"बिटिया, यह तो घर का खिलौना है. हमें वर्कस्टेशन चाहिए."

"साहब, काम वही करता है. कार्ड और भी लग सकते हैं."

"बढ़िया! तो शादी में साथ ले जाना."

सगळे हसले. वर्कस्टेशन म्हणजे काय, हे त्या खोलीत एकालाही सांगता आलं नसतं. मी लिहून देतो.

यथावकाश वर्कस्टेशन आलं. त्याला एसी खोली मिळाली, बाहेर चपला काढायची पाटी लागली, हार पडला, नारळ फुटला. चालवणारा कोणी नव्हता. मग लखनौचे मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले, तसा चपराशी आमच्या दारात हजर.

"दीदी, साहब ने एक दिन के लिए बुलाया है."

मी भडकलो. "मुळीच जायचं नाही! लाज कशी वाटत नाही यांना? पत्रक काढतो मी, इलाइट चौराह्यावर वाटतो."

"काढ की," ताई म्हणाली. "पण मला एकदा त्याच्यावर काम करून बघू दे रे."

ती गेली. मोठ्या साहेबांसमोर तिने तोच कालवा काढून दाखवला. शाबासकी खोलीतल्या बाकीच्यांना मिळाली.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "कसं होतं गं?"

"चांगलंय. पडदा मोठा आहे. आपल्याकडे चहा होईपर्यंत जे उमटत राहतं, ते तिथे झटकन येतं. पण रेघ तीच येते हो बाबा. अगदी तीच."

कचेरीतून पुन्हा बोलावणं आलं नाही. घरचं यंत्र तिने त्यानंतर लावलं नाही. मी फार मागे लागलो, तेव्हा एवढंच म्हणाली, "आता कोणाला दाखवायचंय?"